लाल प्लेटखालचं बटण

आमच्या घरात रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, की समजायचं, बाबांचं काहीतरी बिनसलंय. एरवी ते शक्यच नाही. माणूस खोलीतून उठून दारापर्यंत पोचत नाही तोवर मागून टक् असा आवाज येतो. कधी कधी तर माणूस उठलेलाही नसतो. बाबा पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले, रोलिंग मिलमधली इलेक्ट्रिशियनची नोकरी संपली, पण बटणं बंद करण्याची ड्युटी त्यांनी घरी चालूच ठेवली. आई न्हाणीत असताना बाहेरून दिवा जायचा आणि आतून तिचा आवाज यायचा, "अहो, मी अंदरच हाओ ना जी!"

त्यामुळे त्या एप्रिलमध्ये एका दुपारी पुढची खोली रिकामी, आणि वर पंखा एकटाच गरगरतोय, हे पाहिल्यावर मी घाबरले. माझा लॅपटॉप बंद पडला होता त्याचं इतकं वाटलं नव्हतं. पण लॅपटॉपचं सांगायचं तर आधी लाल प्लेटचं सांगायला हवं.

प्लेट म्हणजे पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा, वर एक भोक, भोकात तारेचा आकडा. प्लांटमध्ये मशीन उघडणारा माणूस अशी प्लेट स्विचवर लावतो आणि मगच आत हात घालतो, एवढं आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. घरची प्लेट बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केली आणि फाटकाला लावून उरलेल्या लाल रंगाने रंगवली. प्लांटमधून साधा खिळादेखील घरी आणला नाही, हे ते पाहुण्यांना न विचारता सांगतात. मिक्सर उघडला, कूलरची मोटर काढली, की ही प्लेट स्विचबोर्डावर लटकायची, आणि ती लटकलेली असेपर्यंत आम्ही भावंडं त्या बोर्डाकडे फिरकायचो नाही. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लाल दिसलं की लांब राहायचं, एवढंच आम्हाला कळलं होतं. निदान मला तरी ते पुरेसं वाटायचं.

भावंडं आता आपापल्या गावी आहेत. मी आई-बाबांसोबत प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर दहामधल्या क्वार्टरमध्ये राहते. बाबांनी ते निवृत्तीच्या वेळी लीजवर घेतलं. कुम्हारीच्या एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्यासाठी मी ड्रॉइंगं काढते. शेडचे खांब, छप्पर तोलणाऱ्या कैच्या, लोखंडी जिने. काम घरूनच चालतं, आठवड्यातून एकदा बसने जाऊन साहेबांचं तोंड पाहून यायचं. लॅपटॉप जुना, आणि त्याची बॅटरी अव्वल थापाडी. पडद्यावर भरलेली दाखवायची आणि वायर काढली की तिथल्या तिथे डोळे मिटायची. टाउनशिपमध्ये लाइट सहसा जात नाही, म्हणून मी नवी बॅटरी घ्यायचं टाळत होते.

त्या लॅपटॉपने एक दिवस सांगितलं, की फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे. फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्यावर लॅपटॉपमध्ये सगळ्यांत आधी जे जागं होतं आणि बाकीच्यांना उठवतं, ते. माझं काही अडलं नव्हतं. पण नवीन काही आलंय असं कोणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. बाजारात नवं दुकान उघडलं तरी मी आत डोकावून येते, घ्यायचं काही नसलं तरी. मी 'हो' दाबलं. पडदा काळा झाला, त्यावर एक बारीक पांढरी पट्टी सरकू लागली आणि खाली ताकीद आली, की हे चालू असताना वीज बंद करू नका.

घरात बाबांसारखा माणूस असताना ही ताकीद वाचून मला काय सुचावं? मी उठले, कपाटामागच्या खिळ्यावरची लाल प्लेट काढली आणि लॅपटॉपच्या वायरचं बटण होतं त्या बोर्डावर लटकवली. स्वतःवर खूशही झाले. बाबांच्याच हत्याराने बाबांना थोपवलं म्हणून गालातल्या गालात हसत मी स्वयंपाकघरात कैऱ्या चिरायला गेले.

परत आले तेव्हा पट्टी नव्हती. पडद्यावर काही म्हणजे काहीच नव्हतं. बोर्डाजवळ बाबा उभे होते आणि त्यांचं बोट अजून बटणावर होतं.

"कोणी बंद केलं?" मी ओरडले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. प्लेट दिसत असतानाही बंद करता, घरातलं एक बटण तरी सोडाल का, हात जरा आपल्याजवळ ठेवत जा, असं बरंच काही मी बोलले. नव्या दुकानाची उगाच चौकशी करणारी मी, 'का' एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

लॅपटॉप पुन्हा लावला तेव्हा त्याच्या आतला पंखा घरघरला, एक बारका दिवा लुकलुकला आणि पडदा काळाच राहिला. परत लावला. परत तेच.

त्या दिवसापासून बाबांनी बटणांना हात लावणं सोडलं. तसं त्यांनी जाहीर काही केलं नाही. रुसून बसणं त्यांना जमत नाही. ते जेवत होते, बाजारात जात होते, पेपर वाचत होते. फक्त खोलीत आले की उभे राहायचे आणि विचारायचे, "पंखा लावू का?" मी 'लावा ना' म्हटलं तरी हात पुढे यायचा नाही, कोणीतरी उठून लावायची वाट पाहायचे. संध्याकाळी आई भाजी घेऊन परतली तर बाबा अंधारात खुर्चीवर बसलेले. तिकडे मागच्या खोलीत सकाळपासून पंखा फिरत होता, तो त्यांनी बंद केला नव्हता.

मी माफी मागितली. ते "हाव, हाव" म्हणाले आणि पाण्याची मोटर लावायची का, असं आईला विचारायला गेले.

"लॅपटॉप जाऊ दे चुलीत," आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. "पह्यले तुह्या बाबाले चालू कर."

पण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या, हे मला दिसत होतं. नवा लॅपटॉप घेतला असता तर माझं काम भागलं असतं. बाबांच्या मनात मात्र जुना त्यांच्याच हाताने मेला, असंच राहिलं असतं. जन्मभर ज्या हाताने मिलची मोठमोठी पॅनेलं सांभाळली, त्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. मला हाच लॅपटॉप उठवायचा होता, तोही त्यांच्यासमोर. तोवर मी रोज बसने कुम्हारीला जाऊन कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर कैच्या काढायला लागले.

सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानदाराने लॅपटॉप चालू करून पाहिला, कान लावला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गया दीदी. डेटा सेफ है, वो अलग रहता है."

डेटा वाचला हे चांगलंच झालं, पण त्या 'गया'चा मला राग आला. गया म्हणजे कुठे गया? पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय. बसमध्ये मी त्या दिव्याचाच विचार करत राहिले. घरी येऊन त्याचं लुकलुकणं मोबाइलवर चित्रित केलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. ते ठरावीक होतं! थोडं लुकलुकायचं, थांबायचं, पुन्हा तितकंच. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ सापडला: उठवणारा मजकूर खराब झाला आहे, बाकी काही तक्रार नाही. म्हणजे मेलेलं यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगत होतं, की मला काय झालंय. आणि आम्ही त्याला 'गया' म्हणत होतो. मला इतकं बरं वाटलं, की मी आईला बोलावून तो दिवा दाखवला. तिने पाहिला आणि कुकर लावायला निघून गेली.

त्याच पुस्तिकेत पेनड्राइव्ह लावून काही कळा एकदम दाबून धरायचा एक उपाय होता. तो मी सगळ्या तऱ्हांनी करून पाहिला. बोटं दुखली, पडदा काळाच. मग उरला एकच रस्ता: लॅपटॉप उघडायचा, तो मजकूर ज्या चिपमध्ये असतो ती शोधायची आणि बाहेरून तिच्यात पुन्हा लिहायचं. चिप दिसते तरी कशी हे पाहायचं म्हणून एका सकाळी मी टेबलावर जुनी चादर पसरली, स्क्रूंसाठी एक वाटी घेतली आणि उघडायचं काम आहे म्हणून सवयीने बोर्डावर लाल प्लेट लटकवली. मागचं झाकण निघालं. आतला हिरवा बोर्ड, त्यावरची ती बारीक वस्ती पाहून मी हरखले आणि बोट पुढे केलं.

"हात काढ!"

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. दारात बाबा होते. मला आठवतं तसे ते आयुष्यात माझ्यावर इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. ते तीरासारखे भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले, हात वर उचलला, आणि हात बटणापाशी जाऊन थांबला.

"बटन पाह्य, पोरी. बटन!"

मी पाहिलं. प्लेटखालचं बटण चालू होतं.

"अहो बाबा, वायर लॅपटॉपला लावलेलीच नाही."

"वायर गेली चुलीत. प्लेट लागली आन् खाली बटन चालू? असं राह्यते का कुठं?"

मी उठून बटण बंद केलं. तेव्हा कुठे त्यांचा हात खाली आला. ते खुर्चीवर बसले, आणि मी इतक्या दिवसांनी तो 'का' विचारला. "बाबा, त्या दिवशी तुम्ही कावून बंद केलं?" एरवी मी प्रमाण मराठी बोलते, त्या क्षणी मात्र घरची बोलीच तोंडात आली.

"त्या दिवशी बी असंच होतं," बाबा म्हणाले. "प्लेट लटकून राहिली होती आन् बटन चालू. प्लेट म्हंजे आत कोणाचा तरी हात आहे. मले वाटलं तू मशीन खोलून ठेवली, तिकडे काही आणाले गेली, आता येशीन आन् हात घालशीन. मी काय पाहत उभा राहू? बंद करून टाकलं."

बाबांच्या प्लेटखालचं बटण नेहमी बंद असायचं. आधी बंद करायचं, मग प्लेट लावायची, म्हणजे कोणी चुकून चालू करू नये. मी मात्र लहानपणापासून लाल रंग तेवढा पाहिला होता, खालचं बटण कधी पाहिलंच नव्हतं. चालू बटणावर प्लेट लावून मी बाबांना, तुमच्या मुलीचा हात जाणार आहे, असं ओरडून सांगितलं होतं, आणि त्यांनी जे करायला हवं तेच केलं होतं. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"मग चूक माझीच की, बाबा."

"तुही असो का माही, मशीन तं गेली ना," ते म्हणाले. जाताना दारात थांबले. "इथला पंखा राहू देऊ का?"

म्हणजे समजूत पटूनही काही उपयोग नव्हता. लॅपटॉपला उठावंच लागणार होतं.

कुम्हारीला हायवेच्या कडेला माझी पॉलिटेक्निकची मैत्रीण नवऱ्यासोबत दुरुस्तीचं दुकान चालवते. नवरा पंपाच्या मोटरी वाइंड करतो, ती टीव्ही आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड पाहते. ती छत्तीसगढी, अखंड बोलणारी, आणि एखादी गोष्ट येत नसेल तर ती आधी सांगून टाकणारी. मी तिला प्लेटपासून सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "अंकल ने तो सही किया यार. गलती तेरी है." चिप लिहायचं यंत्र तिच्याकडे होतं, टीव्हीच्या बोर्डांसाठी ती वापरायची. लॅपटॉपवर कधी केलं नव्हतं. "बिगड़ गया तो?" तिने विचारलं. बिगडलेलाच आहे, मी म्हटलं. रविवारी यायचं तिने कबूल केलं.

शनिवारी बाबांनी विचारलं, "उद्या आत हात कोणाकोणाचा जाईन?"

"आम्हा दोघींचा."

ते मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळाने पत्रा कापल्याचा आवाज आला. जितके लोक मशीनमध्ये हात घालणार तितक्या प्लेटा, आणि प्रत्येकाने आपली आपणच लावायची, आपणच काढायची, हा प्लांटचा नियम. घरी तो कधी लागला नव्हता, कारण हात घालणारे बाबा एकटेच. रंगाचा डबा खरवडून त्यांनी दुसरी प्लेट रंगवली आणि खिडकीत वाळायला टांगली. आईने मला कोपराने ढोसलं.

रविवारी मैत्रीण आली तेव्हा रंग पुरता वाळला नव्हता. बाबांनी तिला तिची प्लेट दिली, नियम सांगितला, आणि मी बटण बंद केल्यावर आम्ही दोघींनी आपापल्या प्लेटा लटकवल्या. तिची बोटं लाल झाली. "देखो, अंकल ने महावर लगा दिया," ती आळत्यासारखी लाल बोटं दाखवत म्हणाली आणि तशाच हाताने कामाला बसली.

आम्ही बॅटरी काढली, घड्याळात असतो तसला एक छोटा गोल सेल काढला, आणि मग ती चिप सापडली. आठ पायांचा काळा चौकोन, करंगळीच्या नखाहूनही लहान. तिच्या पायांना धरायला एक चिमटा असतो, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखाच, फक्त त्याला तारा. तारा त्या लिहायच्या यंत्रात, यंत्र मैत्रिणीच्या लॅपटॉपमध्ये. चिपला लागणारी वीज तिकडूनच येणार होती.

हे ऐकून बाबा पुढे आले. "म्हंजे लाइन दुसरीकडून येऊन राहिली? मंग तिकडं बी प्लेट पायजे."

"तिकडची बंद केली तर लिहिता येणार नाही, बाबा. ती चालूच हवी."

बाबा विचारात पडले. चालू लाइनवर प्लेट लावणं त्यांना पटेना, आणि तशीच सोडणंही पटेना. शेवटी म्हणाले, "मंग तिथं माणूस उभा करा लागते." दुसरा माणूस होताच कुठे? मैत्रिणीच्या लॅपटॉपची वायर ज्या बोर्डात होती तिथे ते स्वतःच हाताची घडी घालून उभे राहिले.

लिहायच्या आधी चिपमध्ये आता काय आहे ते वाचून घ्यायचं असतं, आणि खात्रीसाठी परत वाचायचं. दोन्ही वाचनं जुळेनात. मैत्रिणीने चिमटा काढला, पाय पुसले, चिमटा लावला. तरी जुळेनात. ती त्या चिमट्याला छत्तीसगढीत काहीबाही बोलली, बोटाने जरा दाबून धरला, आणि मग जुळली. ती लगेच लिहायला निघाली होती. मी तिला थांबवलं. मला बघायचं होतं.

वाचलेला मजकूर मी तिच्या पडद्यावर उघडला. अक्षरं आणि आकडे, ओळींमागून ओळी, एकीसारखी दुसरी नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी मी खाली खाली जात राहिले. आणि एका ओळीच्या मध्यात ती गर्दी तुटली. त्यापुढे नुसतं एफ एफ एफ एफ. पानंच्या पानं, दुसरं अक्षरच नाही.

"बाबा, हे बघा. इथे तुमचं बोट पडलं."

त्यांनी जागा सोडावी का, याचा क्षणभर विचार केला. मैत्रीण म्हणाली, "मैं देखती हूँ अंकल, जाओ," आणि खरंच उठून त्यांच्या जागी उभी राहिली. बाबा चष्मा लावून वाकले.

"हे सगळं मी केलं?" ते त्या एफांकडे बघत म्हणाले.

"नाही. हे करायचं राहिलं. लॅपटॉप आधी जुनं पुसतो, मग नवं लिहितो. पुसून झालं होतं, लिहिणं इथपर्यंत आलं होतं."

"आन् याच्या पह्यलेचं?"

"बरोबर आहे. सगळं."

त्यांनी मला वर न्यायला सांगितलं. गर्दीची ओळ पाहिली. मग पुन्हा खाली, जिथे ती तुटते तिथे. पुन्हा वर. बोट पडद्याला न लावता ते त्या जागेवर धरून बसले. "म्हंजे जळलं नाही काही," ते म्हणाले. "काम अर्ध्यात राह्यलं." इतके दिवस त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. मशीन जाळली, असं ते धरून बसले होते. जळालेलं उठत नाही, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

"मंग पुरं करा ना काम," ते जरा दरडावून म्हणाले आणि आपल्या जागेवर परत गेले.

कंपनीची फाइल आम्ही उतरवून ठेवली होती. या लॅपटॉपचा स्वतःचा नंबर वगैरे होता तो भाग मैत्रिणीने जुन्या वाचनातून उचलला, नव्यात बसवला, आणि लिहिणं सुरू झालं. पट्टी सरकू लागली. तेवढ्यात आई जेवायला बोलवायला आली आणि पंखा लावायला सवयीने बोर्डाकडे वळली.

"बोर्डाले हात नाही!" बाबा गरजले.

"माह्या घरात मलेच?" आई म्हणाली. पण हात मागे घेतला आणि पदराने वारा घेत तिथेच उभी राहिली, पट्टी पुरी होईपर्यंत.

लिहून झालं. लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं, जुळलं. चिमटा काढला, सेल बसवला, बॅटरी बसवली, वायर लावली. आता बटण तेवढं राहिलं. मी उठले तर बाबा म्हणाले, "तू नाही." काम करणाऱ्याने स्वतः लाइन चालू करायची नसते. त्याने आपली प्लेट काढायची आणि पॅनेलवरच्या माणसाला सांगायचं. म्हणजे बटण बाबांना लावावं लागणार होतं, आणि हे बोलून गेल्यावरच ते त्यांच्या लक्षात आलं. ते लॅपटॉपची वायर होती त्या बोर्डासमोर गेले. हात वर गेला. मान माझ्याकडे वळली.

"लावू का?"

तोच प्रश्न, इतक्या दिवसांचा. मैत्रीण 'हाँ' म्हणणार होती, मी तिचा हात दाबला. मी बोर्डाजवळ गेले आणि माझी प्लेट काढली. "माझं काम झालं. माझा हात बाहेर. प्लेट काढली." तिला खूण केली. तिनेही चिकट प्लेट काढली आणि एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मेरा भी हाथ बाहर है, अंकल."

"लाइन द्या," मी म्हटलं.

बाबांची पाठ ताठ झाली. टक्.

मी लॅपटॉपचं बटण दाबलं. आतला पंखा जोरात घरघरला. पडदा काळा. बारका दिवा या वेळी लुकलुकला नाही, पण पडदा काळाच. मग पंखा मंदावला आणि सगळं आपोआप बंद झालं. "गया क्या?" मैत्रीण पुटपुटली. बाबांचं बोट बटणावर गेलं होतं. मी पाहिलं, ते बोट बटणावरून निघालं, आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"थांब. आता कोणी हात लावू नका," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. लॅपटॉप आपल्या आपण पुन्हा घरघरला, आणि पडद्यावर कंपनीचं चिन्ह उजळलं. मैत्रीण किंचाळली. मी तिला मिठी मारली, तिची लाल बोटं माझ्या ओढणीला लागली, आणि आईने आत जाऊन बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा पुन्हा गरम करायला ठेवला. बाबा वाकून त्या चिन्हाकडे पाहत होते.

"झालं?"

"झालं, बाबा."

ते मान हलवून हात धुवायला गेले. जेवताना मैत्रिणीला प्लांटच्या पॅनेलांच्या गोष्टी सांगत होते, आणि ती इतके प्रश्न विचारत होती की ते वाढून घ्यायचं विसरले.

ती पातोड्यांचा डबा घेऊन बस पकडायला गेली. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले. मी टेबलाशी बसले आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग उघडलं. एक लोखंडी जिना होता. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या. मी एकेक रेघ तपासत खाली उतरत होते, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि भान नव्हतं.

टक्.

डोक्यावरचा पंखा हळू हळू होत थांबला. मी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांची पाठ दारातून बाहेर चालली होती.

"खोलीत कोणी नाही आन् पंखा फिरून राहिला," ते स्वतःशीच बडबडले.

मी तिथेच होते, त्या पंख्याच्या बरोबर खाली. घाम मानेवरून पाठीत उतरायला लागला. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मला रडू येत होतं आणि फार आनंद झाला होता. त्यांना कळू नये म्हणून मी खुर्चीचाही आवाज होऊ दिला नाही, आणि जिना पुरा होईपर्यंत पंखा लावायला उठले नाही.